नळी वर म्हणजे भरलेली

मिरजेच्या स्टेशनावर मी आयुष्यभर एक पाटी वाचत आलो: कोल्हापूर–गोंदिया. गाडी रोज जाते, रोज येते, पण आमच्यातलं कुणी गोंदियाला उतरल्याचं कधी ऐकलं नाही. लोक पुण्याला उतरतात, फार तर वर्ध्याला. गोंदिया हे आमच्या लेखी गाव नव्हतंच, गाडी संपते ती जागा होती. गेल्या दसऱ्याला मी त्या जागी जाऊन आलो. गाडीनं नव्हे, टेंपोनं. बरोबर चौदा तलवारी, नऊ भाले, पाच बंदुका, तीन तोफगोळे आणि आबासाहेब. यात सगळ्यात जड काय होतं ते पुढं कळेलच.

आबासाहेब म्हणजे ऐतिहासिक शस्त्रांचं प्रदर्शन भरवणारे. आधी ते विमा विकायचे. मग इतिहास विकायला लागले, त्यात हप्ते चुकत नाहीत. शाळाशाळांतून टेबलं मांडायची, फेटा बांधायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि पोरांसमोर ओरडायचं, हा त्यांचा उद्योग. मी टेंपो चालवायचो, शस्त्रांना तेल लावायचो आणि पाट्या लिहायचो. मी आठवीत शाळा सोडली, पण अक्षर बरं आहे. शाळा सोडून फाउंड्रीत साचे भरायला लागलो, वीस वर्षं भरले. फाउंड्री बंद पडली तेव्हा चार महिने घरी बसून भिंती बघत होतो. त्या वेळी "टेंपो चालवशील का दत्तू?" असं आबासाहेबांनीच विचारलं. ते मी विसरलेलो नाही. पुढचं वाचून कुणी म्हणेल, हा खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. मोजतोय. पण त्या घरी जेवलो हेही आधीच लिहून ठेवलंय.

कुडवा

गोंदियात मी मराठीत चहा मागितला, चहावाल्यानं हिंदीत दिला. चहा दोन्ही भाषांत गोडच होता. इथं पोह्यावर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. आमच्याकडं पोह्यावर खोबरं-कोथिंबीर पेरतात, इथं पोहे बुडवतात. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतलं. आबासाहेबांनी मात्र तीन दिवस "आपल्याकडची मिसळ" हा एकच विषय चालवला. माणूस हजार किलोमीटर जातो आणि बरोबर आपलंच ताट घेऊन जातो.

शहराच्या कडेला कुडव्यात एका शाळेचा हॉल मिळाला होता. जवळच बिरसीला विमान चालवायला शिकवतात, तिथली बारकी विमानं डोक्यावरून गेली की आबासाहेब थांबून वर बघायचे. म्हणाले, "दत्तू, आपल्या सरदारांकडं असं एक विमान असतं तर?" मी म्हणालो, "पेट्रोल कुठनं भरलं असतं?" म्हणालो म्हणजे मनात म्हणालो. माझं बहुतेक बोलणं तिथंच व्हायचं. नोकरी जाईल ही भीती घेऊन मी सकाळी उठायचो आणि तीच उशाला घेऊन झोपायचो.

टेबलं पाच. पहिल्यावर गोफण आणि धनुष्यबाण. दुसऱ्यावर तलवारी, भाले, दांडपट्टा. तिसऱ्यावर तोड्याची बंदूक, चौथ्यावर चकमकीची, पाचव्यावर टोपीची. तिच्याशेजारी रिकामी काडतुसं आणि तोफगोळे. तीन वर्षं ही टेबलं मांडून-आवरून मला जे कळलं ते असं. तोड्याच्या बंदुकीला जळती सुतळी लागायची. पाऊस आला की सुतळी विझली, सुतळी विझली की शिपाई नुसता काठीवाला. म्हणून गारगोटी आली; चाप ओढला की ठिणगी. पण ठिणगी पडायची उघड्या दारूवर आणि वारा सुटला की दारूच उडून जायची. म्हणून तांब्याची टोपी आली. घोडा तिच्यावर आपटला की जाळ थेट आत. तरी दारू आणि गोळी नळीच्या तोंडातनंच गजानं ठासायची. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत समोरचा येऊन बोकांडी बसायचा. म्हणून काडतूस. शेकडो वर्षांची अक्कल एवढीच: विझू नये, उडू नये, वेळ लागू नये. माणूस मरू नये असं कुठल्याच टेबलावर नाही.

आबासाहेब हे असं सांगत नाहीत. ते तिसऱ्या टेबलावरची बंदूक उचलून गरजतात, "हिच्या आवाजानं दिल्ली हादरली!" ती बंदूक राजस्थानातनं पार्सलनं आलेली. शोभेची आहे, तिच्या नळीला आरपार भोकसुद्धा नाही. दिल्ली राहू द्या, पार्सल आणून देणाराही हादरला नव्हता.

आणि तोफगोळा क्रमांक तीन. पाटी: 'शिवकालीन तोफगोळा. किल्ल्याच्या तटात रुतलेला सापडला.' हा गोळा मी ओतलाय. फाउंड्री बंद व्हायच्या आदल्या वर्षी आबासाहेबांनी एक नग मागितला, मी साचा भरला. ओतकाम झकास उतरलं, अंगावर एक बुडबुडा नाही. त्यामुळंच तो खरा वाटेना. मग मिठाच्या पाण्यात ठेवून गंज चढवला आणि छिन्नीनं चार खड्डे पाडले. ते पाडताना हात जड झाला होता. आपलंच चांगलं काम आपणच बिघडवायचं आणि वर त्याची पाटीही आपल्याच अक्षरात लिहायची.

सोमाजींच्या घरी

हॉल उघडून देणाऱ्या शिक्षकांनी सांगितलं, देवरीच्या पुढं जंगलपट्ट्यात त्यांच्या ओळखीचे सोमाजी उईके म्हणून आहेत. त्यांच्याकडं बापाच्या वेळची भरमार बंदूक आहे, म्हणजे तोंडातनं ठासायची; पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवाना आहे, निवडणूक आली की ठाण्यात जमा करतात, झाली की परत आणतात. आबासाहेबांचे डोळे लकाकले. "खरी? चालणारी?" असं त्यांनी विचारलं. आमच्या पाच टेबलांचं मोजमाप त्या दोन शब्दांतच झालं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. ठरलं असं, की सोमाजींनी स्वतः परवाना आणि बंदूक घेऊन यायचं, शस्त्रपूजनाला त्यांचा सत्कार करायचा.

देवरी सोडली की दोन्ही बाजूंनी जंगल लागतं, आणि जंगल जिथं श्वास घ्यायला थांबतं तिथं धान. आमच्याकडं उभ्या पिकालाही भात म्हणतात आणि ताटातल्यालाही. इथं शेतात धान आणि ताटात भात. बांध घातलेल्या तुकड्याला बांधी. धान निसवलेलं होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या. मी उसातला माणूस. उसात उभं राहिलं की पुढचं दिसत नाही, इथं गुडघ्याएवढ्या हिरव्यातनं पार डोंगरापर्यंत नजर जाते आणि मग उगाच काळजी लागते, की तिकडनं आपल्यालाही कुणीतरी बघत असेल.

सोमाजी सत्तरीचे, काटकुळे, गुडघ्यापर्यंत चिखल. मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"वाघ येतो का इकडं?"

"येते ना जी."

"गावात?"

"त्याले गावात काय काम? तो काही तुमच्यावानी फोटू काढाले थोडी येते."

हे ते आबासाहेबांकडं बघून म्हणाले, कारण आबासाहेब एव्हाना फेट्यासकट घरात शिरले होते. आतल्या खोलीत कोपऱ्यात दोन खुंट्यांना टेकून बंदूक उभी टांगलेली होती, नळी आढ्याकडं. आबासाहेबांनी कुणाला न विचारता ती काढली, दस्ता खांद्याला लावला आणि नळी माझ्यावर रोखली. "दत्तू, मोबाइल धर. मी जरब आणतो, तू काढ." त्यांनी जरब आणली. मी फोटो काढला. त्या फोटोत नळीचं काळं भोक चेहऱ्यापेक्षा मोठं आलंय.

मागनं सोमाजींचा आवाज आला. चढलेला नव्हता.

"खाली करा जी ते."

"अहो बाबा, आमचा रोजचाच व्यवसाय आहे हा."

"असन. पन टांगली होती तेव्हा नळी कोनीकडे होती?"

"वर."

"वर म्हंजे भरली. खाली म्हंजे रिकामी. आमच्या घरी लेकरूबी जानते."

मी नळीच्या वाटेतनं बाजूला झालो. सोमाजींनी बंदूक काढून घेतली, परत नळी वर करून टांगली आणि मला, कारण घाबरलेला मीच होतो, नीट समजावलं. भरलेली खाली तोंड करून टांगली तर छर्रे सरकतात. शिवाय घरचा धनी बाहेर असला तर बाकीच्यांना कळावं कसं? नळी बघायची. त्यांच्या बापानं लावलेला नियम, बापाला त्याच्या बापानं. "टोप्या डब्यात आहेत, डबा कुलपात आहे, म्हनून तुम्ही उभे आहा," असंही त्यांनी सांगितलं. रानडुकरं धानात शिरतात म्हणून बार भरलेला. डुकराला मारायचं नसतं, नुसता आवाज करायचा. पण अस्वलाचा भरवसा नाही म्हणून थोडे छर्रेही.

"रंजक लोकाचार आहे," आबासाहेब म्हणाले आणि खिशातली वही न काढता बाहेर गेले. वाट दाखवायला आलेल्या शिक्षकांच्या मोटारसायकलवरनं ते गोंदियाच्या लॉजवर परतले. मी मुक्काम करायचा आणि सकाळी सोमाजींना बंदुकीसकट टेंपोतनं आणायचं.

सोमाजींच्या घरच्या सुगनबाई. त्यांनी भात वाढला, लाखोळीची डाळ, बांबूच्या कोंबांची भाजी. सगळं चवीचं होतं, पण मी भाकरीवर वाढलेला माणूस, भातानं पोट भरतं आणि मन म्हणतं अजून जेवायचंय. मी काही बोललो नव्हतो. त्यांनी ताटाकडं बघितलं.

"भाकर लागते ना तुमाले? जवारी नाई जी घरात." आणि उठून तांदळाच्या पिठाच्या दोन रोट्या थापून आणल्या, जाड, कडेला करपलेल्या, वर मिरचीचा ठेचा. मी कोण? टेंपोवाला. आमच्या सत्कारांच्या जेवणावळीत मला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तुला काय लागतं.

पुढं अंगणात खाट टाकली तेव्हा मी सुगनबाईंना विचारलं, साप येतात का. परत विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पाचव्यांदा विचारसान तं मीच चावीन." मग झोप लागली.

पण त्याआधी, दिवस बुडताना, एक गोष्ट झाली. सोमाजी म्हणाले, शाळेत न्यायची तर भरलेली कशाला, उडवून रिकामी करू. आम्ही बांधीच्या कडेला गेलो. माझी एक चप्पल तिथल्या चिखलानं ठेवून घेतली, ती आजही तिथंच आहे. सोमाजींनी टोपी बसवली, नळी आभाळाकडं केली, घोडा सोडला. टक्. दुसरी टोपी. टक्. बार उडालाच नाही.

"परवाच्या पान्यानं दारू ओली झाली," ते म्हणाले.

"मग आता?"

"गजाच्या टोकाले मळसूत्र लावून, पानी टाकून काढा लागते. मळसूत्र मेव्हण्याकडे आहे. सकारी घेऊन येतो, तिकडेच काढू."

"पण ओली आहे म्हणजे काही भीती नाही ना?"

"ओली दारू सुकली का मंग बोलते गा."

मग त्यांनी मला गज दिला. नळीत सोड म्हणाले. सोडला. तोंडाशी अंगठा धरून बाहेर काढ म्हणाले. काढला, अंगठा तोंडाशीच ठेवून नळीच्या बाहेरून लावला. गजाचं टोक नळीच्या बुडाशी पोचलंच नाही, चार बोटं अलीकडं थांबलं.

"भरली का रिकामी हे डोळ्यानं नाई पाहाचं. गजानं. हे चार बोटं म्हंजे मरन."

मला ते लगेच कळलं. फाउंड्रीत साच्याची खोली आम्ही अशीच सळईनं मोजायचो. आठवीपर्यंतच्या कुठल्या मास्तरनं इतकं सोपं करून काही सांगितलेलं मला आठवत नाही.

शस्त्रपूजन

सकाळी सोमाजी धुतलेलं धोतर, प्लास्टिकच्या पिशवीत परवाना आणि कोपरीच्या खिशात मळसूत्र घेऊन टेंपोत बसले. बंदूक दोघांच्या मध्ये, नळी वर. वरून ऊन आणि खालून इंजिन, माझी पाठ भाजत होती. बंदुकीची पाठही भाजत असणार, हे मला कुडवा आल्यावर सुचलं.

हॉलमध्ये पोरं, ताशा, खुर्च्या. सोमाजी म्हणाले, एक बादली पाणी द्या, आधी बार काढतो. आबासाहेबांनी बंदूक हातातनं घेतली. "नंतर, नंतर. पाहुणे निघालेत. आपण पहिल्या रांगेत बसा."

मी जवळ जाऊन हळू म्हणालो, "साहेब, ती भरलेली हाय."

"दत्तू, माईक खरखरतोय."

"साहेब, काल दोन टोप्या—"

"आठवी ना तुझी? बंदुका मला शिकवू नकोस. माईक."

मी माईककडं गेलो. हे मला लिहायला आवडत नाही, पण मी माईककडंच गेलो.

पाहुणे आले. कोण होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्याबरोबर बारा जण होते आणि बाराही जणांना पहिली रांग लागत होती. सोमाजींना दुसऱ्या रांगेत सरकवलं, मग पाचव्या, मग दाराशी. सत्कारमूर्ती दाराशी उभी आणि तिची शाल स्टेजवर एका खुर्चीवर बसलेली.

आबासाहेबांनी भरमार स्टेजवर पूजेसाठी उभारलेल्या चौकटीवर टांगली. झेंडूच्या माळा वरच्या बाजूला होत्या, त्यात नळी घुसायला नको म्हणून नळी खाली. दिसायला झोकदार. मी वायरीशी गुडघे टेकून वर बघितलं, दाराकडं बघितलं. सोमाजीही तिकडंच बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी मला लांबून मान डोलावली. मला क्षणभर कळेना आणि मग कळलं. नळी खाली म्हणजे रिकामी. त्यांच्या घरचा नियम त्यांना सांगत होता की या शहाण्या लोकांनी बार काढून टाकला. सत्तर वर्षांत त्या नियमानं त्यांना फसवलं नव्हतं. आता हॉलमध्ये ती भरलेली आहे हे जाणणारा माणूस एकच उरला होता, आणि तो माईक दुरुस्त करत होता.

आबासाहेबांचं भाषण दिल्ली हादरवून झालं. आता त्यांचं नेहमीचं प्रात्यक्षिक. पाचव्या टेबलावरच्या आमच्या बंद नळीच्याच बंदुकीवर ते दिवाळीची टिकली बसवतात, समोर एक पोर 'शत्रू' म्हणून उभं करतात, घोडा आपटतात, टिकली फुटते, पोर खोटं खोटं पडतं, टाळ्या. तीन वर्षांत दोनशे वेळा तरी झालंय. त्या दिवशी त्यांनी आमची बंदूक बाजूला ठेवली.

"आज खरी बंदूक! कोण होतंय शत्रू?"

दोन वेण्यांची एक मुलगी सगळ्यांत आधी उठली. सहावीतली असेल. पळतच आली आणि छाती काढून उभी राहिली, मैत्रिणींकडं बघून हसत. आबासाहेबांनी टोपीच्या जागी टिकली बसवली. घोडा मागं ओढला.

मी स्टेजवर कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की माझ्या डाव्या हातात नळी होती, मी ती छताकडं रेटत होतो, आणि नळी ऊबदार होती. उजव्या हातानं मी टिकली नखानं उडवली.

"दत्तू!" आबासाहेब दातओठ खात म्हणाले, पण माईक मी चांगला दुरुस्त केला होता, सगळ्या हॉलनं ऐकलं. "खाली उतर. आत्ताच्या आत्ता. नाहीतर तू तुझ्या घरी."

मी नळीखालचा गज ओढून काढला. तो नळीच्या कडेवर तीनदा वाजला. मग आत गेला आणि थांबला. अंगठा धरला, बाहेर काढला, नळीला लावला.

"चार बोटं कमी हाय साहेब," मी म्हणालो. या वेळी मनात नाही.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. दाराशी एका माणसाला कळलं. खुर्च्या बाजूला सारत सोमाजी आले, पाहुण्यांच्या गुडघ्यांना धक्के देत आले, स्टेजवर चढले. आधी त्यांनी मुलीला खांद्याला धरून माझ्या मागं उभं केलं. मग विचारलं:

"नळी खाली कोनं टांगली?"

माईकमधनं आबासाहेबांचा श्वास ऐकू येत होता.

"काऊन टांगली म्हनतो मी. भरलेली बंदूक खाली टांगते का कोनी? झेंडूचे फुलं पाहून राहिले का तुम्ही?"

पाहुणे उठले, त्यांना दुसरा कार्यक्रम आठवला, आणि बाराही जणांना तोच आठवला. सोमाजींनी बादली मागवली. नळीत पाणी ओतलं, वाट बघितली, मळसूत्र फिरवलं. बाहेरून एक विमान गेलं, पण एकही पोर खिडकीकडं वळलं नाही. आधी नारळाच्या काथ्याचा बोळा निघाला. मग छर्रे, त्यांत सायकलच्या चाकातल्या बेअरिंगचे चार गोळेही होते. मग दुसरा बोळा, आणि शेवटी काळी दारू. वरची चिखलासारखी झाली होती. तळची थोडी सोमाजींनी बोटांत चुरून बघितली आणि मला दाखवली. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं, तिचा कोरडा भुगा होत होता.

त्या मुलीनं छर्रे मोजायला घेतले. तिच्या बाईंनी तिला ओढून नेलं तेव्हा ती रडायला लागली, कारण मोजणं अर्धं राहिलं होतं.

मग आबासाहेबांनी माईक उचलला. मला वाटलं माफी मागतील. ते म्हणाले, "मावळ्यांनो! पाहिलंत? बंदूक तपासल्याशिवाय हातात घ्यायची नाही, हेच आज आम्हाला या प्रात्यक्षिकातून दाखवायचं होतं!" आणि टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या. सोमाजींनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडं एकदा बघितलं आणि बंदूक पुसायला घेतली.

पाट्या

हॉल रिकामा झाल्यावर आबासाहेब मला म्हणाले, "झालं ते झालं. चिडून बोललो. नोकरी आहे तुझी." तिथं मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पुढचं वाक्य आलं. "उद्यापासून हे गजाचं प्रात्यक्षिक कार्यक्रमात घेऊ. एक पाटी लिही: 'शस्त्र तपासण्याची शिवकालीन पद्धत. संशोधन: आबासाहेब.' मोठ्या अक्षरात." आणि ते सत्काराच्या जेवणाला गेले.

सोमाजींना न्यायला शिक्षक येणार होते, तोवर ते टेबलांवरनं फिरत होते. राजस्थानी बंदुकीच्या नळीत त्यांनी करंगळी घातली, ती पेरभर आत जाऊन अडकली. ते हसले. मग तोफगोळा क्रमांक तीन उचलला, फिरवला, नखानं वाजवला.

"हा जुना नाई."

"नाही," मी म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा. "मी ओतलाय तो. खड्डे पण मीच पाडलेत."

मला वाटलं आता त्यांच्या नजरेतनं मीही उतरलो. त्यांनी गोळा परत वाजवला, कान लावून ऐकला.

"तू ओतला? आतून भरीव आहे गा. चांगला ओतला." आणि जरा थांबून, "हे खड्डे कायले पाडले मंग?"

ते गेल्यावर मी ब्रश घेऊन बसलो आणि उत्तर लिहिलं. पहिली पाटी: 'भरलेली बंदूक नळी वर. रिकामी नळी खाली. तपासायची ती गजानं. सांगणारे: सोमाजी उईके.' तिसऱ्या टेबलावर: 'ही बंदूक शोभेची आहे. हिला भोक नाही.' मग क्रमांक तीनची पाटी पुसून नवी लिहिली. सकाळी टेंपोची किल्ली आबासाहेबांना द्यायला सांगून शाळेच्या शिपायाजवळ दिली. भीती वाटत होतीच; भीती वाटायची थांबली की मग काही करू म्हणणाऱ्यातला मी असतो तर अजून माईकपाशीच असतो.

स्टेशनावर गाडी उभी होती. पाटी आमच्याकडं असते तीच, पण या टोकाला उभं राहून वाचली. हे टोक संपायची जागा नाही. इथनं गाडी सुटते.

घरी आलो त्याला चार दिवस झाले तोवर आबासाहेबांचा फोन आला. मी श्वास रोखून उचलला. शिव्या घालतील, पाट्यांचं विचारतील. त्यांनी विचारलं, "माईकची वायर कुठं ठेवलीस?" सांगितली. "बरं," म्हणाले आणि ठेवला. संध्याकाळी त्यांनी सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला: 'गोंदियात इतिहासजागर, उदंड प्रतिसाद.' आमच्या मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो बोटांनी मोठा केला आणि मोठ्यानं वाचायला लागली. आबासाहेब पाचव्या टेबलामागं फेटा बांधून उभे, हातात उपसलेली तलवार, चेहऱ्यावर जरब. पुढं माझ्या अक्षरातली पाटी, एकेक शब्द स्वच्छ:

'तोफगोळा. ओतणारा: दत्ता सुतार, मिरज. शिवकालाशी संबंध नाही. ओतकाम चांगले आहे.'